चौथ्या खिळ्यावरचं कापड

१

नकाशात तळ्याचा बांध वाकडा आला होता.

आता बांध म्हणजे कसा, दोरी लावून बांधलेला, सरळसोट. मी स्वतः त्याच्यावरून चालत गेलेय. आणि पडद्यावर बघते तर एका कोपऱ्याशी येऊन तो असा मुरडलेला, जसा काही कुणी त्याचा कान पिरगाळलाय. मी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. बांध वाकडाच.

"आत्या, चौथा पॉइंट," बारकी म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता. "बाकीचे चार अगदी जागच्या जागी आहेत. चौथा दोन हात सरकलाय."

बारकी ही माझी भाची, माझ्या थोरल्या भावाची मुलगी. आमचं जमीनमोजणीचं ऑफिस दादाचं. दादा मोजायचा, काठीमामा मोजणीची काठी धरून उन्हात उभे राहायचे आणि मी टेबलावर वाकून नकाशे काढायचे. असा आमचा तिघांचा संसार किती वर्षं चालला होता. मग बारकी शिकून आली आणि म्हणाली, आता ड्रोननं मोजायचं. ड्रोन आला, त्याच्या मागोमाग तो उडवणारा परवानाधारक पायलट आला. दादानं त्या यंत्राला पहिल्याच दिवशी 'भुंगा' म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. मी म्हटलं, नाव ठेवायला का होईना, दादा त्याच्याकडे बघतोय तरी.

भुंग्याची पद्धत तशी सोपी. कोरड्या पात्रात पाच ठिकाणी खिळे ठोकायचे. प्रत्येक खिळ्याची जागा यंत्रानं नेमकी मोजायची. मग त्यावर काळ्यापांढऱ्या चौकोनांचं मोठं कापड पसरायचं, कापडाचा मधला ठिपका बरोबर खिळ्यावर, आणि चार कोपऱ्यांवर दगड. भुंगा वरून फोटो काढत फिरतो. फोटोत ही कापडं दिसतात आणि त्यांच्या आधारानं सगळा नकाशा जमिनीवर बसतो. आपण भिंतीवर कॅलेंडर खिळ्यांनी ठोकतो ना, तसंच.

आणि आमचा एक खिळा दगा देत होता.

हा नकाशा पाणीपुरवठ्याच्या इंजिनीअरबाईंसाठी होता. तळ्यातला गाळ काढायच्या आधी किती गाळ आहे ते त्यांना हवं होतं. हे काम जमलं तर पुढच्या सगळ्या तळ्यांची मोजणी आमची. बारकीनं त्यांना लपवाछपवी न करता फोन केला. बाईंचा आवाज मला टेबलाच्या पलीकडे ऐकू येत होता.

"चुकीचा पॉइंट वगळून नकाशा सरळ करता येतो, ते मला ठाऊक आहे. तसा आणू नका. चूक झाली कशी ते उद्या येऊन सांगा. सांगता आलं तर काम तुमचं. नाही आलं, तर मी कुणाच्या भरवशावर माणसं आणि मशिनं उतरवू?"

बारकीनं फोन खाली ठेवला. लांबच्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीनं तिला नोकरीला बोलावलं होतं आणि तिनंही त्यांना उत्तरासाठी उद्याचाच वायदा केला होता. म्हणजे काम गेलं की भुंगा पेटीत आणि आमची पोर गाडीत.

तेवढ्यात दादा चहाचा कप घेऊन आत आला. बारकी उठून सरळ त्याच्यापुढे उभी राहिली.

"बाबा, तुम्ही पॉइंट हलवलात?"

दादाच्या हातातला कप वाटेतच थांबला.

२

"पॉइंट जिथल्या तिथे आहे," दादा म्हणाला. "जाऊन बघ."

"मग कापड..."

"आयुष्यात एकदाही मी पॉइंट हलवला नाही. कुणाचा बांध नाही, कुणाची हद्द नाही. आणि पोटची पोर मला विचारतेय."

कप टेबलावर ठेवला, त्याचा कान भिंतीला समांतर केला आणि गेला निघून. दादाची ही जन्माची खोड. चपला काढल्या तर जोडून, काटकोनात. जेवायला बसला तर आधी ताट सरळ करणार. वहिनी म्हणते, झोपेतसुद्धा उशी उत्तर-दक्षिण लावतो.

बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्या, मला माहितीये, त्यांना भुंगा आवडत नाही. पण मला पाडायला? असं असेल तर मी इथे राहून करू तरी काय?"

"उगाच ओठ काढू नकोस," मी दरडावलं. खरं तर माझाच जीव खालीवर होत होता. "आधी मला ते कापड दाखव."

तिनं फोटो मोठा केला. पहिलं कापड, दुसरं, तिसरं, पाचवं: सगळी घाईत टाकलेली, जरा तिरकी, दगड हाताला लागतील तसे. बारकीचंच काम ते. लहानपणी अंथरूणही असंच घालायची.

चौथं कापड मात्र वेगळं होतं. इस्त्री केल्यासारखं. कडा थेट उत्तर-दक्षिण, चारही दगड कोपऱ्यांपासून सारख्या अंतरावर.

म्हणजे वाऱ्याचं नाव घ्यायला नको. वारा कापड उडवेल, पण नंतर दगड मापात ठेवून जाणार नाही. हे माणसाचं काम, आणि असे दगड ठेवणारी माणसं मला माहीत असलेली दोनच. एक दादा, आणि दुसरे त्याच्या हाताखाली तयार झालेले काठीमामा.

भुंगा दोघांनाही नकोसा होता.

३

आधी पायलटला गाठला. पोरगा सरळ आहे, पण हल्ली सरळ माणसावरही दोनदा डोळा ठेवावा लागतो. त्यालाही दुसऱ्या कंपनीनं बोलावलं होतं, ही बातमी माझ्यापर्यंत आली होती.

"आत्या, मी बांधावरून हललोच नाही," तो पेटी पुसत म्हणाला. "खिळे आणि कापडं झाल्यावर बारकीताई माझ्याकडेच आल्या. बॅटरी, पंखे, सगळं तपासायला बराच वेळ जातो. आम्ही दोघं एकमेकांच्या समोर होतो."

"मग उडवायच्या आधी?"

"उडवायच्या आधी मी हात वर करून सगळ्यांना विचारतो, नियमच आहे तो. काठीमामा रस्त्यावर लोकांना अडवायला उभे होते. त्यांनी लाल झेंडा हलवला. दादा जीपमध्ये बसले होते, तिथून मात्र कुणी हात दाखवला नाही. बारकीताई म्हणाल्या, बाबा झोपले असतील."

मी मनात गाठ मारली. दादा आणि भरदिवसा झोप? तापातसुद्धा हा माणूस दुपारी आडवा होत नाही.

"आणखी काही विचित्र?"

तो जरा घुटमळला. "हसाल तुम्ही. मला एका पक्ष्याची धास्ती होती. बारकीताई खिळे ठोकत होत्या तेव्हा चौथ्या जागेवर एक टिटवी अशी किंचाळत होती, कान किटले. त्यांनी तिथलं काम कसंबसं आटपलं आणि पळाल्या. मला वाटलं, ही बया भुंग्यावर झडप घालणार. पण उडवेपर्यंत एकदम गप्प. मी दुर्बिणीतून शोधली तर आकाशात नाहीच."

"उडून गेली असेल."

"असेल," तो म्हणाला.

काठीमामा मागच्या खोलीत कापडं घड्या घालून ठेवत होते. सहा फूट उंच माणूस, पण बोलताना नेहमी वाकून, जणू दार बुटकं आहे.

"मामा, खरं सांगा. भुंगा आला तर काठी धरायला कुणी लागणार नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग?"

"मग काय, आत्याबाई? माझे गुडघे विचारा. ते तर भुंग्याला रोज आशीर्वाद देतायत." ते हसले, मग गंभीर झाले. "मी रस्ता सोडला नाही. काम झाल्यावर कापडं तेवढी गोळा केली. दगड तिथेच टाकले, खिळेही जमिनीतच आहेत. आणि दादांबद्दल मनात काही आणू नका. चुकीचा आकडा लिहावा लागला तर तो माणूस जेवायचा नाही."

"हे मला सांगता? माझा भाऊ आहे तो."

"म्हणूनच सांगतोय," मामा म्हणाले. "सध्या तुम्ही बहीण कमी आणि पोलीस जास्त दिसताय."

मला राग आला, कारण ते खरं होतं. मी तरातरा बाहेर आले आणि बारकीला म्हटलं, "जीप काढ. दादा म्हणाला ना, जाऊन बघ? चल, जाऊन बघू."

४

कोरडं पात्र दुपारच्या उन्हात पांढरंफटक पडलं होतं. सगळीकडे बारीक खडी आणि भेगाळलेली माती. चौथ्या जागेच्या वाटेवर असतानाच डोक्यावर किंकाळ्या सुरू झाल्या. तीच टिटवी. एकदा तर इतकी खाली आली की मी पदर डोक्यावर ओढला.

"हिला काय एवढी मिरची लागलीय?" मी ओरडले.

बारकीनं हातातल्या यंत्रात बघितलं, सहा पावलं अलीकडेच थांबली आणि बोट दाखवलं. खिळा होता. त्याच्याभोवती तिनं काढलेलं लाल रंगाचं कडंही तसंच, कुठे ओरखडा नाही. म्हणजे खिळा हललेला नव्हता.

आणि तिथून दोन हातांवर, उघड्या जमिनीवर, चार दगड. मापून ठेवल्यासारखे, चौकोनात.

"म्हणजे कापड इथे होतं," बारकी हळूच म्हणाली. "खिळा तिथे आणि कापड इथे. पण का? आत्या, घात करायचाच असता तर कापड नेऊन फेकून दिलं असतं. नाहीतर खिळाच उपटला असता. एवढं निगुतीनं दोन हात कोण सरकवतं?"

प्रश्न लाख मोलाचा होता. मी खिळ्याकडे जायला पाऊल उचललं तशी टिटवी गोळीसारखी आली. बारकीनं मला मागे खेचलं आणि आम्ही दोघी जीपकडे चक्क पळत सुटलो. या वयात मी पळाले, हे कुणाला सांगू नका.

घरी आले तर वहिनी ओट्यापाशी उभी राहून एकटीच हसत होती.

"आज सूर्य कुठे उगवला म्हणायचं?" ती म्हणाली. "तुमच्या भावानं काल आल्या आल्या स्वतःची टोपी स्वतः धुतली. साबण लावून! मी हात पुढे केला तर म्हणे, राहू दे, तू बघू नकोस."

खिडकीत दादाची उन्हातली टोपी चिमट्याला लटकत होती. वरच्या बाजूला, धुऊनही न गेलेला, एक पांढुरका डाग.

मी त्या डागाकडे बघत राहिले आणि मग मलाही हसू फुटलं. सगळं जागच्या जागी बसलं होतं. फक्त एक फोटो बघायचा राहिला होता.

५

संध्याकाळी मी सगळ्यांना ऑफिसात बसवलं. दादा दाराजवळच्या खुर्चीत, तोंड भिंतीकडे. बारकी त्याच्याकडे न बघता पडद्याकडे. दोघं बापलेक हट्टात एकास एक.

"पायलट, चौथ्या खिळ्याची जागा दाखव," मी म्हटलं. "कापडाची नको, खिळ्याची. आणि जेवढं मोठं होईल तेवढं कर."

पडद्यावर खडी मोठी होत गेली. लाल कड्याच्या शेजारी एक करडा ठिपका होता.

"दगड आहे," पायलट म्हणाला.

"पुढचा फोटो."

पुढच्या फोटोत ठिपका तिथेच होता. तिसऱ्या फोटोत मात्र त्यानं तोंड फिरवलं होतं. लाल चोच, काळी छाती, नीट बघितलं की कळत होतं.

"दगड मान वळवत नाही," मी म्हटलं. "बारकी, तू खिळा ठोकलास तेव्हा टिटवी का किंचाळत होती? कारण तू तिच्या अंड्यांशेजारी खिळा ठोकलास आणि वरून कापड पांघरलंस. टिटवी उघड्या खडीतच अंडी घालते आणि ती अंडी हुबेहूब खड्यांसारखी असतात, तुला दिसायची नाहीत. पण भुंगा उडाला तेव्हा ती गप्प होती. अंडी झाकलेली असती तर ती गप्प बसली असती का? म्हणजे त्याआधीच कुणीतरी कापड उचललं होतं. पायलटनं हात वर करून विचारलं तेव्हा जीपमधून कुणी हात दाखवला नाही, कारण जीपमध्ये कुणी नव्हतंच. आणि त्या माणसाच्या टोपीवर टिटवीनं सही करून दिलीय. खिडकीत वाळतेय."

काठीमामांच्या तोंडून 'आरारारा' निघालं. सगळे दादाकडे वळले.

"दादा, तू कापड सरकवलंस?"

"कापड?" दादा म्हणाला. "हो. सरकवलं की."

"बाबा!" बारकी उठलीच. "मग मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

"तू विचारलंस पॉइंट हलवला का. पॉइंट म्हणजे खिळा. त्याला मी बोटसुद्धा लावलं नाही." दादाला खरोखरच कळत नव्हतं. "कापडाचं काय एवढं? आम्ही नाही का खुंटीशेजारी झेंडी लावायचो, लांबून दिसावी म्हणून? झेंडी झाडाआड आली तर मामा ती चार हात इकडे लावायचे. मोजायचं ते खुंटीलाच. कापड वरून दिसतंय ना, मग झालं, असं मला वाटलं. ती बिचारी नुसती आकांत करत होती गं. अंड्यांवर सावली धरली नाही तर शिजतील, आणि काळ्या कापडाखाली तर आणखीच. तिला बसायला जागा करून दिली, एवढंच."

बारकी हळूहळू त्याच्याजवळ गेली आणि खुर्चीपाशी खाली बसली.

"बाबा, भुंग्याला खिळा दिसत नाही," ती म्हणाली. "एवढ्या उंचीवरून खिळा दिसेल कसा? कापडाचा मधला ठिपका म्हणजेच त्याची खुंटी. कापड हललं की खुंटी हलली."

दादाचा चेहरा मी उभ्या जन्मात तसा बघितला नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दी सांभाळलेला माणूस, आणि त्यानं स्वतःच्या हातानं, चांगलं मापात ठेवून, लेकीचा पॉइंट हलवला होता.

"म्हणजे मीच," तो म्हणाला.

"टिटवी समुद्र आटवते म्हणतात," मी वातावरण हलकं करायला गेले. "आपला तर नुसता बांधच वाकवला."

कुणी हसलं नाही. दादा उठला आणि बारकीच्या डोक्यावरून हात न फिरवताच निघून गेला. तिनं माझ्याकडे बघितलं.

"आत्या, मी त्यांना काय काय बोलले..."

"बोललीस," मी म्हटलं. "आता उद्याचं बघ. बाईंना हे सांगणार कोण?"

६

इंजिनीअरबाईंच्या ऑफिसात आम्ही पोचलो तेव्हा दादा आधीच तिथे होता. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर ती डागाची टोपी, बाकावर ताठ बसलेला. बारकी त्याला बघून दारातच थबकली.

बाई साठीला टेकलेल्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. त्यांनी नकाशा पसरला आणि वाकड्या बांधावर बोट ठेवलं. "हं. कारण?"

"कारण मी," दादा उभा राहिला. "हिचा काही दोष नाही. मी चौथं कापड सरकवलं."

"तुम्ही कोण?"

मला वाटलं, आता दादा सांगणार: मी अमुक, माझं एवढ्या वर्षांचं ऑफिस, अख्ख्या परिसराची मोजणी माझ्या हातची. दादानं टोपी काढून हातात घेतली.

"मी हिचा मदतनीस," तो म्हणाला. "सर्व्हेअर ही आहे. तिचं मोजमाप बिनचूक होतं. मदतनिसाला भुंग्याचं, म्हणजे ड्रोनचं, काम ठाऊक नव्हतं आणि त्यानं विचारलंही नाही. शेजारी टिटवीची अंडी होती, तर कापड उचलून बाजूला ठेवलं. दगड अजून तिथेच आहेत. जाऊन मोजा, चूक तेवढीच निघेल."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, मग बारकीकडे. "हे खरं?"

"अर्धंच," बारकी म्हणाली. आवाज खणखणीत. "मी सकाळी जाऊन दगड मोजून आलेय. चूक तेवढीच निघाली, हे आकडे. पण चूक मदतनिसाची नाही, माझी आहे. खिळा ठोकण्याआधी मी जमीन बघितली नाही. पक्षी ओरडत होता, तर का ओरडतोय हे न बघता घाईनं पळाले. आणि कापड कशासाठी असतं हे मी माझ्या माणसांना समजावून सांगितलं नाही. मला वाटलं, त्यांना एवढ्या वर्षांचा अनुभव आहे, त्यांना काय सांगायचं. खरं म्हणजे, सांगायला गेले तर हसतील अशी भीती वाटली."

"मी हसलो नसतो," दादा पुटपुटला.

"हसला असतास," मी म्हटलं.

"बरं, थोडा हसलो असतो."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "चुकीवर हक्क सांगायला दोन-दोन माणसं भांडतायत, असं या खोलीत मी प्रथमच बघतेय. इथे लोक सहसा एकमेकांकडे बोट दाखवतात." त्यांनी आकडे वाचले, पुन्हा वाचले आणि कागद बाजूला ठेवला. "कापड होतं तीच जागा चौथा पॉइंट धरून नकाशा करा. अंडी फुटेपर्यंत त्या कोपऱ्यात कुणी जायचं नाही, मशिनं मी दुसऱ्या बाजूनं उतरवते. आणि पुढच्या तळ्यांना ही चूक होणार नाही, याची खात्री काय?"

"यापुढे फील्डवर उतरायच्या आधी मी सगळ्यांना गोळा करणार," बारकी म्हणाली. "कोणत्या वस्तूला हात लावायचा, कोणत्या नाही, ते सांगणार. यापुढे प्रत्येक कापडापाशी एक माणूस शेवटपर्यंत राहील. यापुढे खिळा ठोकायची जागा आधी बाबा बघतील, कारण जमीन त्यांच्याइतकी मला..."

"यापुढे?"

दादानं मध्येच तोडलं. इंजिनीअरबाई समोर बसल्यात, हे तो विसरूनच गेला होता. टोपी दोन्ही हातांत चुरगळलेली, आणि माझा काटकोनातला भाऊ पार वाकडा उभा होता.

"यापुढे म्हणतेस," तो म्हणाला. "म्हणजे तू जात नाहीस?"

बाईंनीही मान वर केली.

"तुम्ही कुठे म्हणालात, राहा म्हणून?" बारकी म्हणाली.

"मी कसं म्हणू? तुझं शिक्षण मोठं. मी राहा म्हटलं असतं तर तू माझ्यासाठी राहिली असतीस. तुझ्या वाटेत येणारा बाप मला व्हायचं नव्हतं." चुरगळलेली टोपी त्यानं टेबलावर ठेवली. "पण राहा गं. मला तुझ्याशिवाय करमायचं नाही."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते मी पुसलंही नाही. बारकी दादाला बिलगली, तिथेच, टेबल, नकाशा, बाई सगळ्यांच्या देखत. "सकाळीच कळवलंय त्यांना, येत नाही म्हणून," ती त्याच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. "असा मदतनीस टाकून जाऊ कशी? एकटं सोडलं तर पुढच्या वेळी अख्खं तळं सरकवाल."

इंजिनीअरबाईंनी घसा साफ केला, उठून खिडकी उघडली आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मग बाहेर बघतच म्हणाल्या, "तुमचं आटपलं की सांगा. पुढचं तळं दाखवायला मी स्वतः येतेय."